फर्स्ट लेगो लीगचा एक सीझन: एका कोच-आईचा अभिप्राय

आमच्या डेट्रॉइटकडच्या मराठी ग्रुपवर दर ऑगस्टला प्रश्न येतोच, ‘फर्स्ट लेगो लीगला मुलांना घालावं का?’ ही मुलांनी टीम करून लेगोचा रोबोट बनवायची आणि चालवायची स्पर्धा. 2024-25 चा सीझन मी कोच म्हणून काढलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कोडिंगचा क्लास समजून पैसे भरणार असाल तर राहू द्या. शिकवायला बाहेरून कुणी येत नाही. कोच म्हणजे आपणच, तेही बिनपगारी. टीममागे दोन मोठी माणसं लागतात आणि दोघांचीही पार्श्वभूमी तपासतात, ते बरंच आहे. रेफरी, जज सगळे स्वयंसेवक. खर्च मात्र लागतो: नोंदणी, स्पर्धेच्या टेबलावर अंथरायचं त्या वर्षीचं मॅट आणि त्यावरची लेगोची मॉडेल्स, शिवाय रोबोटचा संच नवा घेतला तर आमच्या वेळी चारशे डॉलरच्या वर. आम्हाला तो शाळेने वापरायला दिला.

चार बाय आठ फुटांच्या टेबलावर रोबोटने अडीच मिनिटं आपलं आपण चालायचं. मध्येच हात लावला की रेफरी एक टोकन काढून घेतो, म्हणजे गुण कमी. आमचा रोबोट सरावात वळताना भलतीकडेच जायला लागला. मी गाड्यांच्या ब्रेकचं काम करते. बेसमेंटमधली धूळ चाकांना बसलीय हे बघताक्षणी कळलं. पण तोंड मिटून बसले. पोरांनी कोड बदलला, बॅटरीवर संशय घेतला, एकमेकांवर ओरडून झालं. शेवटी एकीने चाकावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट सगळ्यांच्या नाकापुढे नाचवलं. सगळी फी मला तिथे वसूल झाली. स्पर्धेत काही रोबोट बाबांनीच बनवलेले दिसतात. जजांनी ‘हा हात असा का जोडला?’ विचारलं की मुलं मागे वळून बघतात.

रोबोटचा खेळ एकूण मूल्यमापनात चौथा हिस्साच. रोबोटची रचना, प्रकल्प आणि एकमेकांशी वागणं यांनाही तेवढंच वजन, त्यामुळे बडबड्या मुलांचीही सोय होते. आमच्या वर्षी प्रकल्पाचा विषय समुद्राचा. मिशिगनमध्ये कुठला समुद्र! मग मालवणात स्कूबावाल्यांकडे काम करणाऱ्या माझ्या मामेभावाला व्हिडिओ कॉल लावला. गढूळ पाण्यात माणूस कसा शोधता, यावर मुलांनी मोडक्या मराठीत त्याला अर्धा तास पिडलं.

घालायचं असेल तर दुसरा कोच आधी पक्का करा. ऐन नोव्हेंबरात कुणी ‘ऑफिसमुळे जमत नाही’ म्हटलं तर सगळे रविवार तुमच्याच गळ्यात पडतील.