एन्जिनएक्स: रॅम वाचवतो, पण चमत्कार करत नाही

लहान व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) साईट चालवत असाल तर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, म्हणजे लोकांच्या ब्राउझरला पानं पाठवणारा प्रोग्राम, डोळे झाकून बसवा, फुकट आहे आणि दणकट आहे. फक्त नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्या, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल.

खरी मजा आहे ईपोलची, म्हणजे हजारो कनेक्शन्सपैकी कुठे हालचाल झाली हे सांगणाऱ्या लिनक्सच्या सोयीची. याच कामाच्या जुन्या सिलेक्टमध्ये काय व्हायचं, एकदोघांनीच काही पाठवलेलं असलं तरी दर वेळी अख्ख्या वर्गाची, म्हणजे सगळ्या कनेक्शन्सची हजेरी घ्यायची, आणि त्यात १०२४ कनेक्शन्सची मर्यादा. ईपोल लिनक्सच्या २.६ कर्नलसोबत (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) २००३ मध्ये सगळ्यांच्या हाती आलं, त्यात सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) एकदाच नोंदवायचं की मग ज्याच्यावर खरंच काही हालचाल झालीय तेवढीच नावं कर्नल हातात देतो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमवाल्यांकडे असलंच केक्यू २००० पासून आहे. एन्जिनएक्स लिहिणाऱ्या इगोर सिसोएव्हने तो पहिल्यापासून याच पायावर उभा केला, २००४ ला सगळ्यांसाठी खुला केला.

फायदा कुठे दिसतो? लोक मोबाईलवर, नेट रांगतंय, कनेक्शन उघडं टाकून बसलेत. अपाची या जुन्या वेब सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत असा एकेक जण अख्खी प्रोसेस अडवतो. एन्जिनएक्समध्ये १०,००० निवांत कीपअलाइव्ह (काम नसतानाही उघडी ठेवलेल्या) कनेक्शन्सना साधारण अडीच एमबी लागतात असं त्यांच्याच साईटवर दिलंय. (अपाचीची इव्हेंट एमपीएम ही नवी पद्धतही आता बरी आहे हां, उगाच नावं ठेवू नका.)

आता डोकेदुखी. एन्जिनएक्सची काम करणारी एक प्रोसेस, म्हणजे वर्कर, किती कनेक्शन्स धरेल त्याचा डिफॉल्ट फक्त ५१२, आणि प्रॉक्सी लावली, म्हणजे आलेली मागणी मागच्या ॲपकडे पाठवायला लावलं की एका पाहुण्यामागे दोन कनेक्शन्स जातात, एक त्याच्याकडचं आणि एक मागच्या ॲपकडचं, म्हणजे वर्करमागे अडीचशे माणसं आली की एरर लॉगमध्ये 'वर्कर कनेक्शन्स आर नॉट इनफ' चालू. तो आकडा वाढवाल तर ओपन फाइल्सची लिमिटपण वाढवा, ती बऱ्याच ठिकाणी १०२४ वरच असते.

डिस्कवरून मोठी फाइल वाचताना वर्कर अडकू शकतो, ईपोल तिथे कामाचं नाही, त्यासाठी २०१५ पासून थ्रेड पूल (असली अडकणारी कामं वेगळी उरकणारे मदतनीस) आहेत पण ते स्वतः चालू करावे लागतात. आणि डेटाबेसची क्वेरी दोन सेकंद घेत असेल तर दोन सेकंदच लागणार भाऊ, पुढे काहीही बसवा.

पाचपैकी साडेचार. मागचा सर्व्हर जिवंत आहे का हे स्वतःहून तपासत राहायची सोय पैसेवाल्या व्हर्जनमध्येच ठेवलीय, अर्धा त्याचा कापला.