मॉडेल भरवशाचं होतं, गाडी नव्हती

९,४०,००० रुपये गाडीचे. वर १४,९९९ रुपयांची ‘वॉरंटी’ आणि नंतर गॅरेजमध्ये ओतलेले १,८५,०००. एकूण ११,३९,९९९. एवढ्या पैशांत घेतलेल्या सात आसनी डिझेल एसयूव्हीचा मीटर ६२,४०० दाखवत होता आणि प्रत्यक्षात ती १,६३,००० च्या पुढे पळालेली होती. जुन्या गाडीचा मीटर मागे फिरवतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. तेव्हा ‘एवढंही कळलं नाही का?’ असं विचारण्याआधी पुढचं वाचा.

मी डोळे झाकून गाडी घेतलेली नाही. घरात सहा माणसं, त्यात आईचे गुडघे दुखणारे, त्यामुळे तिसऱ्या रांगेत चढता येणारी उंच गाडी हवी होती. नवी झेपत नव्हती. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो गावातल्या छोट्या फेऱ्यांत चोंदतो आणि त्याचा खर्च मोठा, म्हणून मुद्दाम २०१८ ची बीएस-४ शोधली. इंजिन कुठलं टिकतं, पार्ट कुठे मिळतात, पाच वर्षांनी विकताना किती येतात, मागच्या रांगेला एसीची हवा पोचते का, सगळं तपासून एका मॉडेलवर आलो. ते मॉडेल आजही भरवशाचंच आहे. तीन लाख किलोमीटर हसत काढतं, असं टॅक्सीवालेही सांगतात.

आणि गोम तिथेच आहे. जे इंजिन तीन लाख पळतं, त्याच्या दीड लाख पळालेल्या गाडीला साठ हजारांची म्हणून सहज खपवता येतं. ती खडखडत नाही, धूर ओकत नाही, चालवताना शंका येत नाही. शिवाय अशा मॉडेलला सेकंडहँड बाजारात भाव चढा, त्यामुळे मीटरमधून एक लाख किलोमीटर पुसले की विकणाऱ्याच्या खिशात थेट काही लाख पडतात. भंगार मॉडेलचा मीटर फिरवून कोण वेळ घालवेल? मॉडेलचा नावलौकिक बघून निर्धास्त होणारे आपल्यासारखे कुटुंबवत्सल लोक हेच यांचं गिऱ्हाईक.

आता तो क्षण. अजूनही आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या यार्डात गाडी उभी होती. बॉनेटला हात लावला तर कोमट. यार्डवाला म्हणाला, ‘साहेब, नुकतीच धुवून आणली.’ (थंड इंजिन सुरू होताना जे दिसतं-ऐकू येतं ते लपवायला आधीच तापवून ठेवतात. आदल्या रात्री फोन करून सांगा, मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही.) मी आत बसलो आणि पाय ठेवला तर तिन्ही पेडलची रबरं कोरी करकरीत. काळीभोर, रेघा धारदार. खाली मॅट मात्र टाचेपाशी झिजून पांढरी पडलेली. मला ते दिसलं. मी चक्क म्हणालो, ‘रबरं नवी दिसतात?’ तो म्हणाला, ‘आम्ही गाडी द्यायच्या आधी सगळं टापटीप करतो.’ आणि मला बरं वाटलं! काळजी घेणारा माणूस दिसतोय, असं वाटलं. बासष्ट हजारांत पेडलची रबरं कुणाची झिजतात? कुणाचीच नाही. झिजलेलं रबर पकडायला मी तयारीनं गेलो होतो. नव्या रबराला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. स्टिअरिंगला नवं कव्हर, ड्रायव्हरच्या सीटला नवं कव्हर, बाजूच्या सीटला जुनंच. सगळं समोर होतं. एक लक्षात ठेवा, जुन्या गाडीत फक्त ड्रायव्हरच्याच बाजूला काही नवं दिसलं तर तिथून उठायचं.

सोबत माझा नेहमीचा मेकॅनिक होता. त्यानं इंजिन, चेसिसचे जोड, सीटखालचा गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढून पाण्याची खूण, सगळं पाहिलं आणि ‘गाडी ठोकलेली नाही, पुरात गेलेली नाही’ असं सांगितलं. ते खरंच होतं. तेव्हा मेकॅनिक नेला नाही असंही कुणी म्हणू नये.

सर्व्हिसची नोंद मागितली होती. उत्तर आलं, ‘वॉरंटी संपल्यावर मालकानं बाहेर सर्व्हिसिंग केलं, मालक अमेरिकेत असतो.’ वर दोनशे मुद्द्यांच्या तपासणीचं रंगीत प्रमाणपत्र हातात दिलं. मीटरबद्दल व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं: ‘६२ हजार ओरिजिनल, गॅरंटी.’ मागणी ९,८५,००० होती, ९,४०,००० वर आणली. २५,००० टोकन. एकूण ७,५०,००० बँकेतून आणि १,९०,००० रोख. रोखीचा आकडा असा का, हे नंतर समजलं: दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून हे खाली थांबले. पावती ७,५०,००० चीच मिळाली. आता कागदोपत्री माझी गाडी साडेसात लाखांची आहे. रोख दिलेले १,९०,००० सिद्ध करायला माझ्याकडे एक चिठोरंही नाही. रोख मागितली की तिथेच संशय घ्या. सूट मिळतेय म्हणून खूश होऊ नका.

काही महिन्यांत चढावर ताकद कमी पडायला लागली. टर्बो आणि इंजेक्टर मिळून १,४६,८००, क्लच ३८,२००. वॉरंटीवाले म्हणाले, टर्बो आणि इंजेक्टर ‘इंजिनच्या बाहेरचे भाग’, क्लच ‘झिजणारा भाग’. मग १४,९९९ कशाचे घेतलेत? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर टाकल्यावर तिथल्या मुलानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची नोंद १,५८,३१२ किलोमीटर. मी घेण्याच्या बऱ्याच आधीची. हा नंबर आरसीवर छापलेला असतो. टोकन देण्याआधी तो घेऊन सर्व्हिस सेंटरवर जा. सहज सांगत नाहीत, ओळख काढा, पण टोकन नंतर.

आरसीवरच्या पत्त्यावरून जुना मालक शोधला. अमेरिका कसली, शेजारच्या तालुक्यात राहतो. त्यानं ती ४,६०,००० ला विकली होती आणि देताना मीटरचा फोटो काढला होता: १,६३,८७०. भला माणूस, फोटो लगेच पाठवला. टोकन देण्याआधी एक फोन केला असता तर… असो. तुम्ही करा.

यार्डवाल्याचं उत्तर तयार होतं. आम्ही फक्त मध्यस्थ. टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सही जुन्या मालकाची आणि माझी. यांचं नाव कुठेच नाही. करारात बारीक इंग्रजी अक्षरांत ‘जशी आहे तशी’ आणि ‘मीटरची जबाबदारी नाही’ असं कलम. वर साळसूदपणे म्हणाला, हवं तर परत घेतो, ५,१०,००० देईन, कारण ‘किलोमीटर जास्त झालेत ना, साहेब’.

पोलीस ठाण्यात गेलो. आधी सांगितलं, यार्ड दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्या हद्दीत सांगितलं, पैसे तुमच्या बँकेतून गेले, तिकडे जा. शेवटी एका साहेबांनी विचारलं, ‘मीटर फिरवताना तुम्ही पाहिलं का?’ मग ‘हे दिवाणी स्वरूपाचं आहे’ म्हणून फाइल मिटवली. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? मीटरचा फोटो, दोन आकडे, एक लेखी गॅरंटी, आणखी काय आणून द्यायचं? माझा अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र टाळाटाळ. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

परिवहन कार्यालयातही तेच. ‘आम्ही चेसिस, मालक, कर्जाचा बोजा, कर बघतो. मीटर आमच्याकडे येत नाही.’ सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर कर्ज, विमा, किती मालक झाले हे कळतं. किलोमीटर कळत नाहीत. प्रत्येक गाडीची एवढी जन्मकुंडली ठेवणाऱ्या व्यवस्थेला हा एक आकडा नोंदवता येत नाही? जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना द्यायची असते. म्हणजे ‘मी फक्त मध्यस्थ’ ही पळवाट बंद करायलाच तो नियम आहे. या यार्डाकडे अधिकारपत्र आहे का, विचारलं. खिडकीतून उत्तर आलं, ‘ऑनलाइन बघा.’ ऑनलाइन कुठे, ते सांगायला कुणी रिकामं नव्हतं. तुम्ही यार्डात शिरताच ते अधिकारपत्र मागा. नाही दाखवलं तर चहासुद्धा घेऊ नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. साडेसात लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त २०० रुपये, वकील न लावताही चालतं, आणि मुदत दोन वर्षांची. मी वकील लावला, ३५,०००. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो. इथे समोरच्याला नोटीस पोचवण्यातच तारखा गेल्या. ‘पत्त्यावर कोणी नाही’ शेरा मारून परत येते, आणि त्याच पत्त्यावर रविवारी गाड्यांचा मेळा भरतो. आता कुठे लेखी उत्तर आलं आहे: ‘तक्रारदारानं स्वतःच्या मेकॅनिककडून तपासणी करून, समाधान झाल्यावर वाहन घेतले.’

व्हॉट्सअॅपवरची ती गॅरंटी मी छापून जोडली आहे. जुन्या मालकाचं प्रतिज्ञापत्रही मिळालंय. तुमचं असंच काही झालं असेल तर फोन बदलण्याआधी चॅट सांभाळून ठेवा, गाडी परस्पर विकून मोकळे होऊ नका, आणि दुरुस्तीत काढलेले भाग गॅरेजवाल्याकडून मागून घ्या. माझा टर्बो गोणीत बांधून गॅलरीत पडलाय. वकील म्हणतात, पुढच्या तारखेला लागेल.