कार्ड दिसतं, वायफाय दिसत नाही: डेबियन १२ बरेच महिने वापरल्यानंतर

लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम टाकून आता बरेच महिने झाले. रोजचं सगळं काम त्यावरच चालतं. ट्रॅकपॅड, स्पीकर, वेबकॅम, उजेड कमी-जास्त करायच्या कळा पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालताहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते वायफायबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होता.

इन्स्टॉल झाल्यावर नेटवर्कच्या मेनूत वायफायचा पर्यायच नव्हता. अशा वेळी ‘लिनक्सला कार्ड सापडत नाही’ असं सरसकट म्हटलं जातं, आणि मग लोक सापडेल ती कमांड चिकटवत सुटतात. खरं तर या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. हार्डवेअरच दिसत नाही, हार्डवेअर दिसतं पण ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नाही, ड्रायव्हर आहे पण फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नाही, किंवा सगळं असून रेडिओ बंद आहे. यातली आपली कोणती हे कळेपर्यंत कशालाही हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे कळायला मशीनमधली कार्डं दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ जोडून चालवायची. माझ्याकडे कार्डाचं नाव आणि कंसात त्याचा आयडी नीट येत होता, पण खाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नव्हती. म्हणजे कार्ड ठणठणीत होतं, त्याला चालवणारं कोणी नव्हतं. कारणही सरळ होतं: डेबियन १२ चं कर्नेल, म्हणजे सिस्टमचा गाभा, ६.१, आणि माझ्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आला ६.२ पासून. एका आकड्याने हुकलं! कार्डाचं नाव त्या यादीतच नसतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा बायोसमध्ये वायफाय बंद केलंय का ते बघावं, आणि शेजारी विंडोज असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करावं. अर्धवट झोपवलेलं कार्ड दुसऱ्या सिस्टमला कधीकधी उठवता येत नाही.

तोवर इंटरनेट कुठून आणायचं? फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागला नाही.

सुरुवातीचे काही आठवडे मी बाहेरचा ड्रायव्हर वापरला, डीकेएमएसमार्फत. डीकेएमएस म्हणजे कर्नेल बदललं की तो ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधून देणारी व्यवस्था. पहिला अडथळा सिक्युअर बूटचा, म्हणजे ओळखीच्या चावीची सही नसलेला कोड चालू न देणाऱ्या सुरक्षेचा. मॉड्यूल (म्हणजे तो ड्रायव्हरच) व्यवस्थित बांधलं गेलं, पण लोड करताना चावी नाकारल्याचा संदेश आला. बऱ्याच ठिकाणी सल्ला मिळतो की सिक्युअर बूट बंदच करून टाका. मला तो पटत नाही. ‘मोकयूटिल’ने डीकेएमएसची चावी इम्पोर्ट करायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ निवडायचं, की काम झालं. पाच मिनिटांच्या कामासाठी सुरक्षा कशाला काढून टाकायची?

हा ड्रायव्हर चालला, पण स्वस्थता नव्हती. एका अपडेटनंतर नवं कर्नेल आलं, त्याचे हेडर, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, मात्र आले नाहीत. हेडर नाहीत म्हणून ड्रायव्हर बांधला गेला नाही, आणि वायफाय पुन्हा गायब. कर्नेलमधला ड्रायव्हर घरचा, बाहेरचा म्हणजे पाहुणा; पाहुण्याची सोय दर वेळी जातीने पाहावी लागते.

शेवटी बॅकपोर्ट्समधून, म्हणजे डेबियनच्या या आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून, नवं कर्नेल घेतलं आणि डीकेएमएसचं पॅकेज काढून टाकलं. आता ड्रायव्हर लागला, पण कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ दिसली, शेवटी एरर -२. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: -२ म्हणजे फाइल जागेवर नाही, इतकंच. कार्ड बिघडलेलं नसतं. त्याच ओळीत हव्या असलेल्या फाइलचं नावही असतं. फर्मवेअरचं पॅकेजही बॅकपोर्ट्समधूनच घेतलं आणि मेनूत नेटवर्कची यादी आली. एरवी डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर येतं ते १२ पासून, २०२२ च्या मतदानानंतर. त्याआधी ते वेगळं मिळवावं लागायचं, त्या मानाने आपण सुखी. डेबियन १३ मध्ये तर कर्नेलच ६.१२ आहे, त्यामुळे माझ्यासारखी चिप असेल तर सरळ तेच टाका, हा सगळा उपद्व्याप वाचेल.

रेडिओ बंद असण्याचा प्रकार माझ्याकडे फक्त एकदा झाला. ‘आरएफकिल लिस्ट’ने सांगितलं की सॉफ्ट ब्लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली बंदी आहे, ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने तो गेला. हार्ड ब्लॉक असेल तर कमांडने काही होत नाही, लॅपटॉपवरचं बटण किंवा बायोस बघावं लागतं.

कार्ड चालू झाल्यावर व्हिडिओ कॉल अधूनमधून अडखळायचे, आणि दूरच्या मशीनवर टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटायची. सिग्नल पूर्ण होता, त्यामुळे राउटरवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. दोष निघाला पॉवर सेव्हचा, म्हणजे वीज वाचवायला कार्ड अधूनमधून झोपवण्याचा. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची किंमत २ केली, म्हणजे बंद. बॅटरीत जाणवण्याइतका फरक मला पडला नाही, कॉल मात्र सुधारले.

एक तक्रार अजून आहे. झाकण बराच वेळ बंद ठेवून उघडलं की कधीतरी कार्ड जागं होत नाही. तेव्हा ‘मॉडप्रोब -आर’ने ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला की ते लगेच येतं. हे हाताने करायचा कंटाळा आल्यावर सिस्टममधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली. झोपताना ड्रायव्हर उतरवते, उठताना चढवते. उठल्यावर नेटवर्क जोडलं जायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, तेवढे मी सोसते.