लेहमधून भाड्याच्या स्कूटीवर खारदुंगला : स्कूटीला चार स्टार, पोराला पाच, दुकानाला दोन

आधीच सांगते, आम्ही सहा जणी आणि गिअरची गाडी एकीलाही येत नाही. मी, माझी नणंद, शाळेतल्या दोघी मैत्रिणी, त्यातल्या एकीची जाऊ आणि माझी २३ वर्षांची भाची. भाची सोडली तर बाकी सगळ्या पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे. नाशिकला आमची अख्खी जिंदगी स्कूटीवर गेली, भाजी, मुलांची शाळा, गॅस सिलेंडर सुद्धा पायाशी ठेवून आणलाय, आणि नांदुरीवरून सप्तशृंगीचा घाट स्कूटीवर चढलोय तो वेगळाच. त्यामुळे लेहला जायचं ठरलं तेव्हा सगळे म्हणाले टॅक्सी करा, आम्ही म्हणलं करू ना टॅक्सी, पण खारदुंगलाला, म्हणजे लेहच्या वरच्या त्या उंच खिंडीत, स्कूटीवरच जाणार. नेटवर शोधलं तर जे काय लिहिलंय ते सगळं बुलेट आणि हिमालयन वाल्यांचं, बायकांनी स्कूटीवर जाऊन नीट लिहिलेलं काही सापडेना म्हणून हे लांबलचक लिहितेय.

दुकानाचं नाव लिहीत नाहीये, वाद नकोय. चांगस्पा रोडच्या बाजूला ओळीने अशी भाड्याच्या गाड्यांची दुकानं आहेत त्यातलंच एक. ११० सीसीची स्कूटी दिवसाला ११०० रुपये, डिपॉझिट गाडीमागे ३०००, हेल्मेट फुकट (फुकटच्या लायकीचंच, दोन हेल्मेटचे बक्कल लागत नव्हते, ते बदलून घेतले), आणि ग्रुपबरोबर एक पोरगा स्वतःच्या बुलेटवर पुढे, त्याचे वेगळे २५००. त्याच्याकडे टूलकिट, पंक्चरचं सामान आणि छोटा ऑक्सिजनचा डबा. हा २५०० चा खर्च वाचवायचा विचार आमच्यात झाला होता, वाचवला नाही ते बरं झालं, का ते पुढे येतंच.

मालक म्हणजे गोड बोलणारा माणूस. आम्ही लेहला विमानाने उतरलो त्याच दिवशी संध्याकाळी नुसती चौकशी करायला गेलो तर म्हणतो, "दीदी, कल सुबह ही निकल जाओ, मौसम बढ़िया है." आता लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, आम्ही नाशिकच्या सहाशे मीटरवरच्या बायका, हॉटेलचा एक जिना चढून धाप लागत होती आणि हा दुसऱ्या दिवशी पाच हजारावर पाठवतोय. एक स्टार मी इथेच कापला. पैसे मिळवा हो पण गिऱ्हाईक जिवंत तर ठेवा. आम्ही तीन दिवस लेहमध्ये नुसतं लोळलो, शांती स्तूप, बाजार, भरपूर पाणी, आणि डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी) आमच्या डॉक्टरांना आधीच विचारून आणली होती. तुम्ही पण विचारूनच घ्या, मैत्रिणीने दिली म्हणून खाऊ नका.

दुसरी गोष्ट. मालक म्हणाला सहा जणींना चार स्कूट्या पुरतील, दोन डबलसीट. हे ऐकून तो बरोबर येणारा पोरगा मागे उभा होता त्याने मालकाला न दिसेल अशी मान हलवली. लद्दाखीच पोरगा, पंचविशीचा असेल. नंतर बाहेर येऊन हळूच म्हणाला, आंटीजी, अकेले अकेले लो, डबल में ऊपर धक्का मारना पड़ेगा. भाचीला दीदी आणि आम्हाला आंटीजी, तेवढं एक सोडलं तर पोरगा हिरा आहे.

आता धक्का का, तर त्याने जे सांगितलं आणि नंतर भाचीने (मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय तिने) जे समजावलं ते असं की खारदुंगलाला हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण निम्मा. हवा निम्मी म्हणजे जळायला पेट्रोल पण निम्मंच चालतं, आणि स्कूटीचं इंजिन मुळात आठ एचपीच्या आतबाहेरचं, त्यातलं वर गेल्यावर उरतं चारेक. बुलेटवाल्याचं निम्मं झालं तरी त्याच्याकडे उरतं, आपलं निम्मं म्हणजे मिक्सरच. नव्या गाड्यांना इंजेक्शन असतं ते हवा कमी झाली की पेट्रोल आपोआप कमी सोडतं, ताकद जाते पण गाडी बंद पडत नाही. जुन्या कार्बोरेटरवाल्या बिचारीला हे कळतच नाही, ती वर पण गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडत राहते, मग प्लग काळा, धूर, आणि फट्‌ फट्‌ करून बंद.

तर हे ओळखायचं कसं, हा या रिव्ह्यूतला सगळ्यात कामाचा भाग आहे, लिहून ठेवा. नंबर प्लेट बघा. लेहच्या जुन्या गाड्या जेके १० आणि नव्या एलए ने सुरू होणाऱ्या. लद्दाख ३१ ऑक्टोबर २०१९ ला वेगळं झालं, त्यानंतर नंबर बदलले, आणि बीएस सिक्स (प्रदूषणाचा नवा नियम, त्यानंतरच्या स्कूट्या इंजेक्शनवाल्या) आलं एप्रिल २०२० ला, म्हणजे जेके १० दिसली की ती स्कूटी बहुतेक कार्बोरेटरवालीच समजायची. आम्हाला हे नंतर कळलं. आमच्या सहापैकी पाच एलए होत्या आणि एक जेके १०, आणि ती कुणाला दिली तर भाचीला, कारण मालक म्हणाला "ये लड़की हल्की है, इसको चलेगी". म्हणजे त्याला माहीत होतं!! दुसरा स्टार इथे गेला.

सकाळी सातला निघालो, जूनचा शेवट. टाकी लेहमध्येच फुल करा, पुढे वरपर्यंत कुठेच पंप नाही. लेहमधून गांगलेस गाव मागे टाकलं की चढ सुरू होतो आणि लेहपासून साउथ पुल्लूपर्यंतचे साधारण २४ किलोमीटर म्हणजे खरं सांगू का, आमच्या कसारा घाटापेक्षा सोपे. डांबर छान, वळणं मोठी, ट्रॅफिक कमी, खाली लेहचं हिरवं हिरवं ठिगळ आणि बाकी सगळा डोंगर खाकी. स्कूटी ४० ने आरामात चढत होती. जावेने तर गाणी सुरू केली, पुढे कडाक्याच्या थंडीत तोंड उघडता येईना तेव्हा थांबली. बॉर्डर रोडवाल्यांच्या त्या पिवळ्या पाट्या वाचत वाचत हसत हसत जायचं, आमच्या नणंदबाई प्रत्येक पाटीला थांबून फोटो काढायच्या त्यामुळे अर्धा तास तिथेच गेला.

साउथ पुल्लूला चेकपोस्ट आहे. आमच्याकडे पर्यावरण शुल्काची पावती आणि आधार मागितलं, मोबाइलमध्ये होतं, पण प्रिंट ठेवा कारण नेट भरवशाचं नाही, आणि प्रीपेड सिम तर आपल्याकडचं लद्दाखला चालतच नाही, पोस्टपेड लागतं. चहा घेतला, बाथरूमला जाऊन आलो (बायांनो इथे जाऊन घ्याच), आणि मग खरी परीक्षा.

इथून वर साधारण १५ किलोमीटर. रस्ता मधे मधे चांगला, मधे मधे उखडलेला, बर्फ वितळून पाणी रस्त्यावरून वाहतं आणि सावलीतल्या वळणावर सकाळी त्याचाच पातळ बर्फ झालेला असतो तो दिसत नाही. पोरगा पुढे जाऊन पायाने चाचपून बघायचा आणि हाताने खूण करायचा. स्पीड ४० चा २५, २५ चा १५. मूठ पूर्ण पिळलेली, गाडी गुरगुरतेय आणि बाजूने एक कुत्रा आमच्या वेगाने चालत होता बराच वेळ, खोटं नाही सांगत. हा रस्ता सियाचिनकडे सामान नेणाऱ्या लष्करी गाड्यांचा पण आहे, त्यांची रांग आली की डोंगराच्या बाजूला गाडी दाबून चुपचाप उभं राहायचं. आणि एकदा थांबलं की परत चढावर निघायला स्कूटीला जीवावर येतं, तेव्हा दोन्ही पायांनी थोडं ढकलून, मूठ हळूहळू न देता एकदम देऊन उचलायची. हे पोराने शिकवलं.

भाचीची जेके १० शेवटचे सहा किलोमीटर राहिले असताना पहिल्यांदा बंद पडली. मग दर वळणाला. काळा धूर आणि पेट्रोलचा वास. ती बिचारी किक मारून मारून (सेल्फ पण धड नव्हता) धापा टाकायला लागली, त्या उंचीवर दहा किका म्हणजे खाली दोन मजले पळत चढल्यासारखं होतं. पोराने तिला दगडावर बसवलं, पाणी पाजलं, प्लग काढून पुसला, एअर फिल्टर काढून सरळ डिकीत टाकला, कार्बोरेटरचा एक स्क्रू थोडा फिरवला आणि गाडी एकदम सुधारली. फिल्टर नसला की हवा जास्त जाते एवढाच जुगाड, धूळ जाते म्हणून खाली आल्यावर परत बसवायचा. तरी शेवटच्या चढाला त्याने भाचीला आपल्या बुलेटच्या मागे बसवून पुढे सोडलं आणि स्वतः चालत परत येऊन ती स्कूटी एकटा वर घेऊन गेला. त्या उंचीवर चालत! शिट्टी वाजवत! २५०० रुपये मी म्हणते तिथेच फिटले.

वर पोचलो तेव्हा पावणेअकरा. आता उंचीचं बघा, लेहच्या बाजारात टीशर्ट मिळतात १८,३८० फूट आणि जगात सर्वात उंच रस्ता लिहिलेले, पण मोजून आलेली उंची ५३५९ मीटर म्हणजे १७,५८२ फूट, आणि तो सर्वात उंचचा दावा पण खरा नाही, लद्दाखमधल्याच उमलिंगलाला १९,०२४ फुटांवर रस्ता आहे. मैत्रीण हिरमुसली, तिने टीशर्ट आधीच घेतला होता. मी म्हणलं अगं आपल्या कळसूबाया तीन एकावर एक ठेव, तरी वर चारशे मीटर उरतात, अजून काय पाहिजे तुला. (आणि खारदुंगला पास म्हणू नका, ला म्हणजेच खिंड, पोराने सहा वेळा सांगितलं.)

वर पताका, फोटोसाठी रांग, चहा, मॅगी. वीसेक मिनिटांच्या वर थांबू नका असं तिथे सगळेच सांगतात आणि ऐका. नणंदेचं डोकं पंधराव्या मिनिटाला ठणकायला लागलं, ती सांगेना, कारण तिची मॅगी यायची होती. पोराने तिचा चेहरा बघूनच ओळखलं, ऑक्सिजन दिला आणि म्हणाला आंटीजी मैगी नीचे खाएंगे. साउथ पुल्लूला उतरेपर्यंत निम्मं डोकं उतरलं.

उतरण्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. चढताना गाडी फार तर बंद पडेल. उतरताना स्कूटीला गिअर नाही, मूठ सोडून स्पीड एका मर्यादेच्या खाली आला की आतला क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यासारखी घरंगळते, सगळा भार ड्रम ब्रेकवर. दहा मिनिटं ब्रेक दाबून धरला की तो तापतो आणि मग दाबला तरी लागल्यासारखा वाटत नाही. मैत्रिणीच्या गाडीला जळका वास आला. पोराने सगळ्यांना थांबवलं, पंधरा मिनिटं चाकं थंड होऊ दिली, आणि शिकवलं की मूठ किंचित धरून ठेवायची म्हणजे इंजिन चाकाला जोडलेलं राहतं, आणि ब्रेक सतत धरायचा नाही, दाबायचा सोडायचा दाबायचा सोडायचा. त्यानंतर दर चार पाच किलोमीटरला थांबलो. दुकानात गाडी घेताना चढावाचं सोडा, ब्रेक बघा. आमच्या एका गाडीचा मागचा ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागत होता, तो निघायच्या आधीच पोराने आवळून दिला होता.

दुपारी तीनला गाड्या परत. आणि मालकाने भाचीच्या गाडीवरचा ओरखडा दाखवून १५०० कापायला घेतले. आमच्या जावेने सकाळी सगळ्या गाड्यांचा गोल फिरून व्हिडिओ काढून ठेवला होता, ती शिक्षिका आहे, तिला सवय आहे पोरं खोटं बोलतात याची. व्हिडिओ लावला, ओरखडा सकाळचाच. पैसे दिले परत, पण सॉरी नाही, उलट म्हणाला मैडम आप तो बहुत पक्के हो. तिसरा स्टार इथे गेला. तर व्हिडिओ काढाच.

एकूण खर्च सहा जणींचा ६६०० गाड्यांचे, २५०० पोराचे, पेट्रोल वेगळं, आणि आम्ही पोराला वर ५०० दिले ते तो घेत नव्हता. परत कराल का विचाराल तर हो, स्कूटीवरच, पण दुसऱ्या दुकानातून आणि बरोबर हाच पोरगा मिळाला तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला फिरायला निघालो तर त्याच दुकानासमोर आमची जेके १० धुवून पुसून उभी, आणि एक नवीन लग्न झालेलं जोडपं डबलसीट बसून सेल्फी काढत होतं. पोरगा दिसला नाही. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्यांना म्हणलं, बेटा, पहले इसका नंबर प्लेट देखो.