सिझर किंवा बूम लिफ्ट साइटवर न्यायची आहे: साधा ट्रक, सेल्फ लोडर की लो बेड?

माणसाला उंचीवर कामाला नेणारी लिफ्ट (कात्रीसारख्या हातांवर सरळ वर जाणारी सिझर, किंवा लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेली बूम) हलवायची म्हटली की आधी गाडीचं भाडं विचारलं जातं, मग टन. पण निवड खरी ठरते दोन प्रश्नांवर: मशीन गाडीवर चढणार कसं, आणि पलीकडे ते उतरवणार कोण? स्वस्त ट्रक घेऊन दोन्ही टोकांना हायड्रा (छोटी फिरती क्रेन) बोलवावी लागली, तर तो ट्रक स्वस्त राहत नाही.

तीन मशीन समोर धरू (फुटांचा आकडा म्हणजे प्लॅटफॉर्म किती उंच जातो). १९ फुटी इलेक्ट्रिक सिझरचं वजन साधारण दीड टन, आणि पोटाखालची मोकळी जागा जेमतेम ६ सेंमी. ४५ फुटी डिझेल आर्टिक्युलेटेड (सांध्यांतून दुमडणारी) बूम साडेसहा ते सात टनांची. ८५ फुटी टेलिस्कोपिक (एकातून एक सरकत लांबणारी) बूम १७ टनांच्या आसपास, बंद अवस्थेतही १२ मीटरहून लांब.

साधा ट्रक आणि सुटे रॅम्प

छोट्या सिझरचं वजन टाटा ४०७ सहज पेलते. अडतं ते चढावर. ट्रकचा तळ जमिनीपासून १ मीटर उंच धरला, तर अडीच मीटरच्या रॅम्पचा चढ जवळजवळ ४४ टक्के होतो. ४ मीटरच्या रॅम्पने तो २६ टक्क्यांवर येतो, ६ मीटरच्या रॅम्पने १७ टक्क्यांवर. १९ फुटी सिझरची चढण्याची क्षमता सहसा २५ ते ३० टक्के असते, म्हणजे १४ ते १७ अंश. टक्के आणि अंश यांत गल्लत करू नका. ३० अंशांचा चढ म्हणजे ५८ टक्के.

क्षमतेत बसलं तरी मशीन अडकू शकतं. सुमारे १.३ मीटर अंतराची चाकं आणि पोटाखाली ६ सेंमी जागा, एवढ्यावर रॅम्प जिथे गाडीला मिळतो तिथे साधारण १० अंशांच्या पुढे पोट टेकतं. पुढची चाकं गाडीवर, मागची रॅम्पवर, आणि मशीन मधेच बसलेलं. म्हणून १ मीटर उंचीला ६ मीटरचा रॅम्प हवा, त्याचा चढ १० अंशांच्या आत राहतो. तो नसेल तर मातीचा भराव किंवा गोदामाचा डॉक (गाडीच्या तळाच्या उंचीचा ओटा) शोधा. भिवंडीच्या गोदामांत ही सोय बऱ्याच ठिकाणी आहे. फक्त डॉक लेव्हलरच्या (डॉक आणि गाडीमधली फट जोडणाऱ्या प्लेटच्या) पाटीवरची क्षमता आधी वाचा.

गाडीचा तळ लाकडी फळ्यांचा असेल, तर चाकांच्या वाटेवर पोलादी पत्रा टाका. दीड टन चार छोट्या घट्ट चाकांवर उभं असतं, कुजकी फळी तिथेच मोडते.

क्रेन किंवा फोर्कलिफ्ट

रॅम्प जमत नसेल तेव्हाचा हा मार्ग, आणि छोट्या सिझरसाठी चांगला. मात्र फोर्कलिफ्टची क्षमता सहसा ५०० मिमी भारकेंद्रावर (काट्यांच्या मुळापासून भाराच्या मध्यापर्यंतचं अंतर) दिलेली असते. १.८ मीटर लांबीचं मशीन लांबीच्या बाजूने उचललं, तर केंद्र ९०० मिमीच्या आसपास जातं. तेव्हा दीड टनाच्या मशीनला दोन टनी फोर्कलिफ्ट पुरेलच असं नाही, ३ टनी मागवा. काटे फोर्क पॉकेटमध्येच (मशीनच्या तळातल्या काट्यांसाठीच्या खाचांत) घाला. हायड्राने उचलताना पट्टे प्लॅटफॉर्मच्या रेलिंगला कधीही बांधू नका. स्टिकर लावलेले लिफ्टिंग पॉइंट वापरा, पट्टे रेलिंगला घासत असतील तर स्प्रेडर बारही (पट्टे एकमेकांपासून लांब ठेवणारा आडवा दांडा). बूम लिफ्टसाठी हा पर्याय मी शेवटचा मानतो.

सेल्फ लोडर

मागे झुकणारा तळ आणि विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असलेली गाडी. सिझर आणि ४५ फुटी बूम, दोन्हींसाठी पहिली पसंती हीच. साइटवर क्रेन नसेल तर प्रश्नच नाही. झुकलेल्या तळाचा कोन मात्र गाडीवाल्याला विचारा. तो मशीनच्या क्षमतेबाहेर असेल, तर मशीन चालवत नेऊ नका, विंचनेच ओढा.

विंच वापरताना क्रम महत्त्वाचा. आधी दोर जोडून ताण द्या, चाकांना ठोकळे लावा आणि मगच ब्रेक रिलीज करा. उलट केलं तर धरायला काहीच उरत नाही. मशीन जागेवर आलं की ब्रेक लगेच पूर्ववत करा. पावसाळ्यात चिखलाच्या चाकांनी चेकर्ड प्लेटवर चढू नका, आधी चाकं पुसा. बॅटरी अर्ध्याहून कमी असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर मशीन रॅम्पच्या मध्यावर थांबतं.

बूम चढवताना दिशा पाहा. मशीनच्या पुस्तिकेत सहसा चढाचे तीन आकडे असतात, उदाहरणार्थ प्लॅटफॉर्म उताराकडे असताना ४५ टक्के, चढाकडे असताना ३० आणि आडव्या उतारावर २५. म्हणजे काउंटरवेट (मागचं तोलाचं वजन) वर, बास्केट खाली. सिझरचा कंट्रोल बॉक्स बऱ्याच मॉडेलमध्ये काढून बाजूने चालत वापरता येतो. बूम मात्र बास्केटमधूनच चालते, त्यामुळे ऑपरेटरला हार्नेस हवाच.

लो बेड

८५ फुटीला दुसरा पर्याय नाही. तळ ठेंगणा असल्याने एकूण उंची आटोक्यात राहते. लादल्यावर टेपने उंची, रुंदी आणि मागे बाहेर आलेली लांबी मोजा. माल गाडीबाहेर डोकावला तर मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आहे. जास्त वजनालाही तेवढाच, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. छोट्या सिझरसाठी लो बेड मागवणं पैसे वाया घालवणं आहे, पण पाच-सहा मशीन एकदम जात असतील तर हिशेब बदलतो.

बांधणी, गाडी कोणतीही असो

युरोपीय मानक ईएन १२१९५ पुढच्या दिशेला वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर धरून बांधायला सांगतं. साडेसहा टनांच्या बूमला हा पुढचा जोर ५.२ टनांचा होतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक लागला की हाच जोर साखळीवर येतो. ग्रेड ८० ची ८ मिमी साखळी ४ टन आणि १० मिमी ६.३ टन ताण घेते, पण तिरकी बांधल्याने काही भाग वाया जातो. त्यामुळे बूमला १० मिमीच्या चार साखळ्या, चारही कोपऱ्यांतून, फक्त चेसिसच्या टाय-डाउन पॉइंटना. सिझरच्या हातांवरून किंवा प्लॅटफॉर्मवरून पट्टा ओढून बांधला तर पिना आणि लोड सेन्सर बिघडतात. बूमची टर्नटेबल (वरचा फिरणारा भाग) लॉक पिन घाला, प्लॅटफॉर्म रोटेटरखाली (बास्केट फिरवणाऱ्या सांध्याखाली) लाकडी ठोकळा ठेवा आणि वरून नायलॉन पट्टा हलकाच आवळा. किल्ली काढून मुख्य स्विच बंद करा.

पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून साखळ्या पुन्हा ताणा. उतरवताना, साखळी सोडण्याआधी ब्रेक खरंच पूर्ववत आहे का आणि चाकांना ठोकळे आहेत का, हे हाताने तपासा. विंचने चढवलेलं मशीन कधीकधी सगळ्या वाटभर नुसत्या साखळीवरच टेकून आलेलं असतं.