मटन स्ट्रीटवरचे बिनपाटीचे दुकान : जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून घेण्याची जागा

मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिका विकणारे बरेच आहेत, परंतु गिऱ्हाइकाने मागितल्यास तबकडी दोन्ही बाजूंनी वाजवून दाखवणारे आणि ती वाजत असताना घाई न करणारे विक्रेते मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. चोरबाजारातील मटन स्ट्रीटवरचे एक लहानसे दुकान त्यांपैकी आहे. त्याच्यावर पाटी नाही. गल्लीतले नेहमीचे लोक मालकांना नुसते चाचा म्हणतात आणि मीही गेली नऊ वर्षे त्यांना चाचाच म्हणत आलो आहे. काळा घोड्याचे रिदम हाऊस हे रेकॉर्डचे दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हापासून माझ्या महिन्याच्या एका शनिवारची सकाळ या दुकानात जाते. तेथे साधारण दोनशे तबकड्या घेतल्यानंतर या दुकानाविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे, असे वाटते.

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून पायी पंधरा-वीस मिनिटांत मटन स्ट्रीट गाठता येते. शुक्रवारी येथील बहुतेक दुकाने बंद असतात आणि पहाटे रस्त्यावरच बाजार भरतो. रेकॉर्डसाठी जायचे असेल तर तो दिवस टाळावा. दुकान आठ फूट रुंद असेल. डाव्या भिंतीला हिंदी चित्रपटांच्या एलपी (मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या), उजवीकडे शास्त्रीय आणि इंग्रजी, समोरच्या लाकडी खोक्यांत ईपी (दोन-चार गाण्यांच्या लहान तबकड्या), आणि अगदी आत, पंख्याखाली, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्यांच्या चळती अशी ढोबळ मांडणी आहे. मराठीसाठी वेगळी जागा नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. भावगीतांच्या आणि नाट्यपदांच्या ईपी गुजराती गरब्यांमध्ये मिसळलेल्या असतात आणि त्या शोधायच्या तर अख्खे खोके चाळावे लागते. दोन तास हाताशी असल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही.

नव्याने या छंदात पडलेल्या मंडळींना एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण या दुकानाचे खरे मोल तिच्याशी जोडलेले आहे. जुनी रेकॉर्ड घेताना आपण कव्हर पाहतो, मग तबकडी उजेडात तिरपी धरून ओरखडे शोधतो, आणि फार तर सुरुवातीचे मिनिटभर ऐकून पैसे देतो. यात सर्वांत महत्त्वाचा भाग निसटतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि हा वेग शेवटपर्यंत तोच राहतो. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून सुमारे ९० सेंटीमीटर चर, म्हणजे आवाज कोरलेली बारीक खाच, सरकतो, तर मधल्या कागदी लेबलाजवळ तोच फेरा ४० सेंटीमीटरच्या आत संपतो. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असल्यामुळे तबकडीची झीज सर्वांत आधी आणि सर्वांत कर्कशपणे ऐकू येते ती शेवटच्या चार-पाच मिनिटांत. आता आपल्या शास्त्रीय संगीताचा विचार करा. बाजू सुरू होते ती शांत आलापाने वा विलंबित ख्यालाने. द्रुत बंदिश आणि जोरकस ताना येतात त्या शेवटी, म्हणजे नेमक्या त्या चिंचोळ्या जागेत. सुरुवातीला स्वच्छ वाटलेली तबकडी तारसप्तकातल्या तानेवर फाटल्यासारखी वाजते ती यामुळेच. म्हणून तबकडीची परीक्षा शेवटाकडून करावी. बहुतेक ठिकाणी तशी विनंती केली की विक्रेत्याच्या कपाळावर आठी उमटते. चाचांनी मात्र पहिल्याच भेटीत मी काही बोलायच्या आत सुई उचलून लेबलाजवळ टेकवली होती. त्या दिवशी ती तबकडी त्यांनीच मला घेऊ दिली नाही.

त्यांच्याकडचा प्लेअर जुना आहे आणि त्याबद्दल मला थोडी कटकट सहन करावी लागली आहे. त्यावर सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, आहे, जे तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. माझ्या घरच्या टर्नटेबलवरचे चुंबकीय कार्ट्रिज दोन ग्रॅमवर चालते. जड सुई खोल ओरखड्यावरूनही रेटून पुढे जाते आणि हलकी सुई तेथेच उडी मारते. दोन वर्षांपूर्वी मी किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी तेथे घेतली. दुकानात ती दोन्ही बाजूंनी अडखळल्याशिवाय वाजली. घरी मात्र भूपाच्या मध्यावर पिन अडकली, तीही अशा ठिकाणी की तोच गंधार पुन्हा पुन्हा येत राहिला. भिंग लावून पाहिले तेव्हा केसाइतका बारीक, पण चरांना आडवा गेलेला ओरखडा दिसला. पुढच्या शनिवारी ती तबकडी घेऊन गेलो, तेव्हा चाचांनी भिंग मागून घेतले, खिडकीशी जाऊन तो ओरखडा पाहिला आणि पूर्ण पैसे परत केले. त्यानंतर ते मला कोणतीही महागडी तबकडी देताना आवर्जून म्हणतात, "साब, घर पे सुनके देखो, नहीं जमा तो वापस लाना." जुन्या मालाच्या बाजारात ही मुभा दुर्मीळ आहे आणि माझ्या मते दुकानाच्या सगळ्या उणिवांवर ती मात करते. तरीही महत्त्वाच्या खरेदीत त्यांच्या प्लेअरवर सर्वस्वी भिस्त ठेवू नये, डोळ्यांनीही पाहावे. आडव्या ओरखड्यावरून नख अलगद फिरवल्यावर अडकत असेल, तर तबकडी परत ठेवावी. चर काळेभोर चमकत असतील तर उत्तम. त्यांवर राखाडी छटा दिसली, तर ती कोणत्याही धुण्याने जाणार नाही, कारण ती मळ नसून झीज असते. मधल्या भोकाभोवतीच्या बारीक रेषाही पाहाव्यात. घाईने तबकडी चढवताना प्लेअरच्या मधल्या दांड्याच्या टोकाने लेबलावर उठलेल्या त्या खुणा आधीच्या मालकाने ती किती वेळा लावली याचा बऱ्यापैकी अंदाज देतात.

कव्हर एका रेकॉर्डचे आणि आत तबकडी दुसरीच, हा प्रकार चोरबाजारात सर्रास आढळतो आणि हे दुकानही त्याला अपवाद नाही. कव्हरवरचा क्रमांक लेबलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या शास्त्रीय एलपींवर क्रमांकाआधी ईसीएलपी ही अक्षरे असतील तर ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच ध्वनिवाहिनीचे आहे, आणि ईएएसडी असतील तर स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचे आहे. मोनो म्हणून नाक मुरडू नये. एका गवयाचा गळा, तंबोरे आणि तबला एवढ्यासाठी जुने मोनो ध्वनिमुद्रण पुष्कळदा अधिक भरीव वाटते, आणि स्टिरिओच्या मागे लागलेले खरेदीदार त्याकडे पाहत नसल्यामुळे ते स्वस्तही मिळते. चाचांकडे अलीकडे काही चित्रपटांच्या एलपींना रंगीत छपाई केलेली नवी कव्हरे घातलेली दिसतात. विचारल्यावर ते लपवत नाहीत, पण आपण होऊन सांगतही नाहीत. ते त्यांनी सांगायला हवे.

किमतींबाबत ते बाजाराच्या मानाने रास्त आहेत. ईपी दीडशे ते अडीचशे रुपयांना, शास्त्रीय एलपी पाचशे ते नऊशेला आणि लाखेची तबकडी शंभर-दीडशेला मिळते. हिंदी चित्रपटांच्या लोकप्रिय एलपी हजाराच्या पुढे जातात आणि तेथे घासाघीस फारशी चालत नाही. आकडा आतल्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेला असतो. पावती मिळत नाही. यूपीआय चालते.

लाखेच्या तबकड्यांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण हे दुकान त्यांची हेळसांड करते आणि ते पाहून जीव तुटतो. भारतातले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. त्यातील तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८मध्ये ते काम डमडमला गेले. या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, ती जगभर पुरवणारा देश मुख्यतः आपलाच होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि त्या तीन मिनिटांत राग उभा करण्याची जी कसब अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्यांत दिसते, ती पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या एलपीने अनावश्यक करून टाकली. या तबकड्या काचेसारख्या ठिसूळ असतात. त्या उभ्या ठेवल्या पाहिजेत. आडव्या चळतीत खालच्या तबकड्यांवर भार येऊन त्या तडकतात. चाचांकडे त्या आडव्याच आहेत, चाळीस-चाळीसच्या चळतीत, आणि वरच्या पंख्याची धूळ त्यांवर बसत असते. मी स्वतः एक लाकडी घोडी करून देण्याची तयारी दाखवली होती. जागा नाही, असे उत्तर मिळाले, आणि आठ फुटांच्या दुकानात ते खोटेही नाही.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यांचे चर एलपीच्या तुलनेत तिपटीने रुंद असतात, त्यामुळे त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्यांत तळाशी घसरत राहते आणि खरखरच अधिक ऐकवते. दुसरी गोष्ट धुण्याची. प्लास्टिकच्या एलपी डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून धुतात. ते मिश्रण लाखेच्या तबकडीला चुकूनही लावू नये, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. माझ्या परिचयातील एका संग्राहकाने नाट्यपदांच्या सहा तबकड्या अशा रीतीने गमावल्या. साधे डिस्टिल्ड पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडे ठेवण्याची काळजी, एवढे त्यांना पुरते.

मुंबईच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू पावसाळा आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये या दुकानातून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक तबकडीवर बुरशीचा पांढुरका थर असतो. तो धुऊन निघतो, पण जुन्या कागदी पिशवीतच तबकडी परत घातली की महिन्याभरात पुन्हा येतो. तेव्हा पिशवी बदलावी आणि जुनी पिशवी, तिच्यावर काही लिहिलेले असेल तर, वाळवून वेगळी जपून ठेवावी.

तशी एक पिशवी माझ्याकडे आहे. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईची ती एलपी मी गेल्या मार्गशीर्षात चाचांकडून सहाशे रुपयांना घेतली. पिशवीच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत, वळणदार देवनागरी अक्षरांत, "चि. सौ. कां." असे लिहून मुलीचे नाव, "विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट" आणि १९७४ हे साल घातलेले आहे. तबकडीची पहिली बाजू राखाडी पडली आहे आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरी आहे. त्या घरात दर मंगलप्रसंगी कोणीतरी तबकडी लावली असेल, पाहुण्यांच्या सरबराईत ती उलटायला कोणाला सवड झाली नसेल, आणि असे पुष्कळ वर्षे चालले असेल, असे ती वाजवताना मनात येते. चाचांनी ती विकताना पहिल्या बाजूची खरखर मला पुरती ऐकवली होती आणि भाव दोनशेने आपणच उतरवला होता. मी मात्र आता दुसरी बाजूच अधिक लावतो. पन्नास वर्षे जवळपास न ऐकली गेलेली ती सनई इतकी स्वच्छ आहे की वादकाचा श्वास घेतल्याचा आवाजही कळतो.

गल्ल्यामागच्या कपाटाच्या दारावर चाचांनी पेन्सिलीने क्रमांकांची एक यादी लिहिली आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांना हव्या असलेल्या तबकड्यांचे ते क्रमांक आहेत. कोणाचे नाव नाही, पण कोणता कोणाचा हे त्यांना तोंडपाठ आहे. घरे रिकामी होताना भंगारवाल्यांकडून माल येतो तेव्हा ते आधी त्या दाराकडे पाहतात. सुधीर फडक्यांच्या आवाजातील गीतरामायणाच्या संचात मला एक एलपी कमी आहे. तिचा क्रमांक वरून सातवा आहे. गेल्या खेपेस त्याच्या वरचे दोन आकडे खोडलेले दिसले.