एसआय५३५१ चा बोर्ड ४० मीटरच्या घरच्या रिगमध्ये: चार महिने वापरून काय वाटलं

मंडळी, एसआय५३५१ म्हणजे कोडने सांगू ती फ्रिक्वेन्सी बनवून देणारी चिप, तिचा छोटा बोर्ड चार महिने रोज वापरल्यावर लिहितोय. माझं घर गोव्यात डिचोलीला, रिग म्हणजे हॅम रेडिओचा सेट घरीच बांधलेला, अशर फरहान (हॅम कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या सेटच्या धर्तीवर. फक्त ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा हॅम बँड, १२ मेगाहर्ट्झच्या चार क्रिस्टलचा फिल्टर, चार डायोडच्या रिंगचा मिक्सर (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणारा), आणि परसातल्या दोन माडांमध्ये ताणलेला वीस मीटरचा डायपोल अँटेना. आधी यात कॉइल आणि व्हेरॅक्टर डायोडचा व्हीएफओ, म्हणजे ट्यूनिंगचा ऑसिलेटर, होता आणि तो आपल्या हवेत जागेवर टिकायचाच नाही, सर आली की एकीकडे, ऊन पडलं की दुसरीकडे, समोरचा बोलतोय आणि माझा हात सारखा नॉबवर. त्याला कंटाळून हा बोर्ड मागवला, कुरियर धरून साडेचारशेच्या आत पडला.

सुरुवातीची काही मिनिटं सोडली तर फ्रिक्वेन्सी पहिल्या दिवसापासून खिळा ठोकल्यासारखी राहिली, त्यात वादच नाही. पण आवाज! एक बारीक शिट्टी सतत, त्यावर टिक टिक टिक, आणि खाली सू करणारा एक जाड थर ज्यात कमजोर स्टेशनं बुडून जायची. दोघा जणांनी फोनवर लगेच सांगितलं की ही चिपच नॉइजी आहे, काढून टाक. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच हा रिव्ह्यू लिहितोय, कारण असं ऐकून कितीतरी जण चांगला बोर्ड ड्रॉवरमध्ये टाकून देतात.

म्हापशातले एक जुने हॅम आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, ते एवढंच म्हणाले, "आधी अँटेना काढ रे, मग बोल." अँटेना काढली, बाहेरचा गोंगाट गेला, पण शिट्टी आणि टिकटिक तशीच, म्हणजे घाण रिगच्या आतलीच. मग सप्लाय सोडून १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर रिग लावली, तरी शिट्टी आहेच. तेव्हा लक्ष गेलं त्या बक कन्व्हर्टरकडे (भराभर चालूबंद करून व्होल्टेज उतरवणारा) जो मी १२ चे ५ करायला लावला होता. तो काढून ७८०५ हा ५ व्होल्टचा साधा रेग्युलेटर टाकला आणि शिट्टी त्या क्षणाला बंद. बक कन्व्हर्टर कितीही स्वस्त आणि थंड चालणारा असू दे, ऑसिलेटरच्या लाईनवर तो नको म्हणजे नको.

टिकटिक दोन ठिकाणाहून येत होती. एक म्हणजे तो छोटा ओएलईडी डिस्प्ले, त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारा चार्ज पंप असतो आणि तो ऐकू येतो, मी सरळ १६ बाय २ चा जुना एलसीडी लावला. दुसरं, चिपला हुकूम देणाऱ्या छोट्या अर्डुइनो बोर्डावरचा माझा कोड प्रत्येक लूपमध्ये चिपला तीच फ्रिक्वेन्सी परत परत लिहीत होता, नॉब हलवला नसला तरी. आता नॉब हलला तरच लिहितो, आणि प्रत्येक स्टेपला पीएलएल (क्रिस्टलवरून आतली मोठी फ्रिक्वेन्सी बनवणारा चिपचा भाग) रीसेट करणंही काढून टाकलं, त्याने ट्यून करताना कटकट व्हायची ती गेली.

उरला तो सू आवाज, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला. रविवारी सकाळी एक जवळचं तगडं स्टेशन माझ्यापासून आठ किलोहर्ट्झवर बोलत असायचं, त्याचे शब्द मला ऐकू येत नव्हते, फिल्टर त्याला अडवत होता, पण तो बोलायला लागला की माझा नॉइज वर आणि तो थांबला की खाली, अगदी त्याच्या शब्दांच्या तालावर! हे लक्षण नीट ओळखून ठेवा. चिपच्या सप्लायवर थोडी जरी लहर असली तरी तिच्या चौकोनी वेव्हची कड पुढेमागे थरथरते, हाच जिटर, आणि मिक्सरमध्ये शेजारच्या तगड्या सिग्नलला ही थरथर चिकटली की तो नॉइज बनून तुमच्या कानात उतरतो. तिथे अँटेना बदलून काही होणार नाही.

उपाय असे केले की बोर्डाला स्वतःचा वेगळा ७८०५ दिला, अर्डुइनो आणि डिस्प्लेचा वेगळा. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या लाईनमध्ये १० ओम, मग २२० मायक्रोफॅरड आणि अगदी पायाशी ०.१ चा सिरॅमिक. सगळा बोर्ड काजूगराच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घातला, पत्र्याला सोल्डर छान धरतो, ॲल्युमिनियमला धरत नाही. नुसत्या सप्लाय आणि डबा या दोन गोष्टींनी निम्म्याहून जास्त फरक पडला असं माझा कान सांगतो, मोजायला यंत्र माझ्याकडे नाही.

बाकीचं कोडमध्ये केलं. या चिपच्या पीएलएलमधला व्हीसीओ हा ऑसिलेटर ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि मग भागून खाली येतो. भाजक पूर्ण आणि सम ठेवला तर जिटर आणि फालतू शिट्ट्या दोन्ही कमी होतात. ७.१ साठी मला व्हीएफओ ४.९ लागतो (फिल्टरच्या १२ मधून ७.१ वजा), तर भाजक १५० कायम ठेवला आणि पीएलएल ७३५ वर, ट्यून करताना फक्त पीएलएल हलवायचा. बीएफओला, म्हणजे आवाज परत मिळवायला लागणाऱ्या १२ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरला, दुसरा पीएलएल दिला, ७२० भागिले ६०, आणि आउटपुट शेजारचं न घेता शून्य आणि दोन नंबरचं घेतलं, कारण शेजारी शेजारी घेतले तर एकाचा सिग्नल दुसऱ्यात झिरपतो. मिक्सरच्या आधी ३ डीबीचा पॅड, म्हणजे सिग्नल थोडा उतरवणारे तीन रेझिस्टर, १८ ओम आणि दोन २७०, चिप पूर्ण ८ मिलिॲम्पिअर ड्राइव्हवर, म्हणजे डायोडच्या रिंगला लागणारे साधारण प्लस ७ डीबीएम (सुमारे ५ मिलिवॅट) मिळतात आणि चिपलाही लोड शांत दिसतो.

तक्रारी आहेत. माझ्या बोर्डावर २५ ऐवजी २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल निघाला, विकणाऱ्याने कुठे लिहिलंच नव्हतं, ४.९ मागितले तर ५.२९२ येत होते आणि मी दोन रात्री फिल्टर उघडून बसलो होतो. चिपला दोन्ही चालतात, कोडमध्ये एक आकडा बदलायचा असतो, पण आधी सांगायला काय जातं? चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, ते मी चहा होईपर्यंत सोडून देतो. आणि आउटपुट चौकोनी आहे, हार्मॉनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) भरपूर, साइन लागणारा मिक्सर असेल तर पुढे लो पास फिल्टर लावावाच लागेल.

तरीही पाचपैकी साडेचार. आज अँटेना काढली की हेडफोनमध्ये जवळजवळ काही नसतं आणि लावली की बँड आत येतो, कॉइलच्या व्हीएफओवर एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती. घेणार असाल तर त्याच ऑर्डरमध्ये दोन ७८०५ जास्तीचे टाका, आणि डबा बंद करण्याआधी आत सिलिका जेलची एक पुडी ठेवा, आपल्याकडे पावसात कनेक्टरचे पाय एका मोसमात हिरवे पडतात.